दिशाच्या मशीनचं आवर्तन

३ फेब्रुवारी, सोमवार

दिशासाठी कॉम्प्युटरचं मशीन उभं केलं. स्वतःच्या हातांनी.

दुकानदार म्हणत होता, काका, सुटे पार्ट नेऊ नका, इथेच जोडून देतो. मी म्हटलं, सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली, कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झालो. ज्याने कालव्याच्या अख्ख्या चारीचं पाणी चालवलं त्याला चार वायरी जोडता येणार नाहीत? दुकानदाराने पार्ट खोक्यात भरून दिले. पटलं असावं.

जोडून झाल्यावर मूठभर स्क्रू उरले. कंपनीवाले जादाचे देतात.

बटण दाबलं आणि सुरू झालं! दिशा म्हणाली, पप्पा, भारी. तिने लगेच पुण्याच्या कंपनीचं एक काम लावून बघितलं. ही कंपनी बिल्डरांसाठी व्हिडिओ बनवते. बिल्डिंग बांधायच्या आधीच आपल्याला तिच्यातून फिरवून आणतात. लिफ्ट, बाग, बागेत सायकलवर पोरं. मशीन ही चित्रं एकामागून एक तयार करतं, त्याला रेंडर म्हणतात. राजेश्वरीचा चहा होईपर्यंत रेंडर झालंसुद्धा. राजेश्वरी म्हणजे आमची मंडळी. ती म्हणाली, एवढ्यात बिल्डिंग झाली? आपल्या बंगल्याला तर दोन पावसाळे लागले हुते.

आता महत्त्वाचं. कंपनीच्या निकिता मॅडमनी दिशाला सांगितलंय, हा महिना घरून काम करून बघ. वेळेत काम आलं तर कायम घरून. नाहीतर पुण्याला येऊन राहायचं. म्हणजे सगळी मदार या मशीनवर. मुलगी इथे सावेडीत, घरी राहणार की पुण्याला जाणार, हे मशीन ठरवणार. आणि मशीन मी बांधलंय.

काळजीचं कारण नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी मशीनची पाहणी केली. बटण दाबलं, चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतच होतं. नव्या मशीनला हे शोभत नाही. दिशाला सांगितलं. ती म्हणाली, पप्पा, उत्तम चाललंय, प्लीज हात लावू नका.

संकल्प: हात लावायचा नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

दिशा दुपारी मैत्रिणीकडे गेली. हात लावला.

यूट्यूबवर एक मुलगा हिंदीत सांगत होता की मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये सगळी ग्यानबाची मेख असते. एमएसकॉन्फिग नावाची खिडकी उघडायची, त्यात बूट, त्यात ॲडव्हान्स्ड. तो पुढे काय करा म्हणतो ते ऐकायच्या आत जाहिरात लागली. मी पुढचं स्वतःच शोधलं.

आत पाहतो तर काय! प्रोसेसर किती वापरायचे असा प्रश्न आणि खाली यादी, एकपासून सोळापर्यंत. म्हणजे हे मशीन सोळाच्या सोळा दारं एकदम उघडी टाकून चाललं होतं. मला तर घामच फुटला. अरे, सोळा दारं एकदम उघडल्यावर टेलच्या माणसाला पाणी कधी पोचणार? सगळी नोकरी हेच भांडण सोडवण्यात गेली. वरचे शेतकरी दारं उघडून बसतात, आणि खाली टेलला, कालव्याच्या शेपटाला, नुसता चिखल. यावर उपाय एकच, आवर्तन. एका वेळी एक दार. त्याचं भिजलं की दुसऱ्याचं.

चौकटीवर टिक केली, आकडा एक ठेवला. गंमत म्हणजे टिक करायच्या आधीपासून तिथे एकच आकडा अंधुक दिसत होता. म्हणजे कंपनीच्या इंजिनिअरांचंही मत तेच. फक्त त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

ओके. रीस्टार्ट. या वेळी चष्मा पुसून, घालून, पुन्हा पुसून झाला. नवी शिस्त आहे, अंगवळणी पडायला वेळ लागणारच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दिशा म्हणते मशीन एकदम स्लो झालंय. मी तिला म्हटलं, कोरड्या चारीत पहिलं पाणी जिरतंच. धीर धर. तिने विचारलं, तुम्ही काही केलंत का? मी म्हटलं, नियोजन केलं.

९ फेब्रुवारी, रविवार

मिरजगावहून छगन आला. माझ्या हाताखाली पाटकरी होता, दारं उघडायची-लावायची सगळी कामं त्याच्याकडे. हरभऱ्याचे घाटे घेऊन आला होता. दिशा बाहेरच्या खोलीत मोबाईलवर बोलत होती म्हणून त्याला मशीन दाखवलं आणि आवर्तनाची योजना समजावून सांगितली. छगनचं शिक्षण फार नाही, पण मुद्दा लगेच कळतो. म्हणाला, "साहेब, ह्ये लई बेस केलं. सोळा दारं उघाडली तर टेलवाल्यानं काय धुरळ्यानं रान भिजवायचं व्हय?"

या घरात माझं म्हणणं कळणारा माणूस बाहेरून यावा लागतो.

छगनच्या समोरच दुसरी सुधारणा केली. त्याच खिडकीत मॅक्झिमम मेमरी अशी चौकट आहे. मशीन सगळी मेमरी आजच वापरून टाकतंय. उन्हाळ्याचं काय? धरणात राखीव साठा नको? एक हिस्सा चालू वापराला ठेवला आणि तीन हिस्से राखीव. छगन म्हणाला, साहेब, तुमी आसता तर आमच्याकडं मे महिन्यात टँकर लागला नसता. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

घाटे भाजून खाल्ले. तोवर मशीन सुरू होत होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दिशाचं पहिलं काम उशिरा गेलं. निकिता मॅडमनी विचारलं म्हणे, काही प्रॉब्लेम आहे का? प्रॉब्लेम आहेच. मी शोधला. घरातली वीज.

मशीन काम करत असताना फ्रीज चालू, मिक्सर चालू, गिझर चालू. सगळे हेडचे, कालव्याच्या तोंडाशी बसलेले शेतकरी. आजपासून घराला आवर्तन लागू केलं. तक्ता करून स्वयंपाकघराच्या दाराला लावला. रेंडर चालू असताना फ्रीज बंद, मिक्सर बंद, इस्त्री बंद. पाण्याची मोटर फक्त माझ्या लेखी परवानगीने.

राजेश्वरीने तक्ता वाचला आणि विचारलं, "आन् मी कवा चालू हायचं?"

१२ फेब्रुवारी, बुधवार

दूध नासलं. राजेश्वरीने त्याचं पनीर करायचं ठरवलं. म्हणजे योजनेतून एक जोडधंदाही निघाला. चटणी पाट्यावर वाटली गेली. चव जुन्या दिवसांसारखी होती, असं मी म्हणालो. तिने मनगट चोळलं. तिचे हात दुखतात.

मशीन अजून स्लो. दिशा माऊस हलवते आणि बाण थोड्या वेळाने हलतो. मी तिला म्हटलं, घाई नको, सांगावा पोचायला वेळ लागतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक चांगला दिवस येता येता राहिला.

त्याच खिडकीत सेफ बूट असं लिहिलेलं दिसलं. इतके दिवस मशीन काय असुरक्षित चालू होत होतं? टिक केली. सुरू झालं तर पडदा काळा, अक्षरं एवढी मोठी की चष्मा न लावता वाचता आली, आणि चारही कोपऱ्यांत सेफ मोड, सेफ मोड. पाहून मन शांत झालं. एवढी खात्री खात्यातसुद्धा कोणी कधी दिली नव्हती.

फक्त इंटरनेट बंद झालं, आणि कंपनीची मीटिंग चुकली.

दिशा आली, खुर्चीत बसली, एमएसकॉन्फिग तिने स्वतःच उघडलं. मी चष्मा सरसावला. आता ही सगळंच पुसणार. ती आतपर्यंत गेली, ॲडव्हान्स्डची खिडकी उघडून बराच वेळ बघत बसली. मी मागे उभा होतो. मग तिने ती खिडकी तशीच बंद केली, फक्त सेफ बूटची टिक काढली आणि रीस्टार्ट केलं.

म्हणजे आवर्तन ठेवलं! राखीव साठाही ठेवला! कृतीतूनच सांगितलं. शेवटी रक्त कुणाचं आहे?

तिला विचारलं, पटलं ना? ती म्हणाली, हो पप्पा, असू द्या.

फार बरं वाटलं. राजेश्वरीला तसं सांगितलं. ती पनीर निथळत होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

निकिता मॅडमचा फोन दिशाच्या मोबाईलवर आला तेव्हा ती अंघोळीला गेली होती. मी घेतला. बाई बोलायला चांगल्या आहेत. त्यांना कालवा म्हणजे काय, मेन कालवा, चारी, टेल, सगळं मुळापासून सांगितलं आणि सुचवलं की तुमच्या ऑफिसातली मशीनंही एका दारावर आणा. त्या म्हणाल्या, काका, व्हिडिओ कधी येईल? मी म्हटलं, बिल्डिंगचे वरचे मजले झालेत, पार्किंग राहिलंय.

दिशा बाहेर आली तेव्हा केसांना टॉवेल, चेहरा लालबुंद. रागावली असेल असं वाटलं. पण ती हसू दाबत होती. राजेश्वरी म्हणते, हसू नाही, रडू दाबत होती. बायकांचं आपल्याला कळत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चौकात शिवजयंतीचे स्पीकर. भिंती हादरत होत्या. मशीनच्या कामावर याचाही परिणाम होत असणार, म्हणून त्याखाली घोंगडी घातली.

राजेश्वरीला मशीनवर भजन लावायचं होतं. तिने क्लिक केलं आणि भाजी आणायला गेली. मेथी, वांगी, कोथिंबीर घेऊन, वाटेत दोन घरी बसून परत आली तेव्हा भजन सुरू होत होतं. म्हणाली, हे बरं हाय, तेवढ्यात भाजी आनून हुती. तिला मशीनचा उपयोग पहिल्यांदाच झाला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पाणीचोरी सापडली!

टास्क मॅनेजर नावाची जागा आहे. तिथे कोण किती वापरतो त्याची यादी दिसते. बघून हबकलो. कामाचा एक प्रोग्रॅम आणि त्याच्या आजूबाजूला शंभरेक नावं, सगळी फुकट बसून उपसा करणारी. कालव्यात पाइप टाकून बसलेले लोक मी रात्रंदिवस पकडलेत. मला हे नवीन नाही.

कारवाई सुरू केली. एकेकाला एंड टास्क. पहिल्या दहा-बारांनी निमूट ऐकलं. काही ऐकेनात, नकार दाखवला. पुढाऱ्याचे पाहुणे असणार. मग एक एक्सप्लोरर नावाचा इसम दिसला. मनात म्हटलं, कामाच्या वेळी हिंडायचं काय काम? त्यालाही काढला.

पडदा साफ झाला. चिन्हं गेली, खालची पट्टी गेली, काहीच उरलं नाही. अतिक्रमण उठवल्यावर जमीन दिसावी तसं मोकळं, स्वच्छ. मी दिशाला हाक मारली, ये बघ.

तिने दाराशीच उभं राहून बघितलं. विचारलं, रेंडर चालू होतं ते? मी म्हटलं, तेही थांबलं, पण आता पुन्हा लावलंस तर पळेल.

तिने पुन्हा लावलं. पळालं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज मशीनला मीच कंटाळलो, हे इथे लिहून ठेवतो. दुसरीकडे बोलायचं नाही.

कॅबिनेट उघडून ब्रशने साफ केलं, देवापुढचा उदबत्तीचा धूर लागू नये म्हणून देव्हारा उत्तरेला सरकवला, पंखा थेट मशीनवर सोडला. मी घामाघूम, मशीन गार. रेंडर जिथल्या तिथे. बिल्डिंगच्या बागेतलं एक पोर काल सकाळपासून सायकलवर एक पाय टेकून उभं आहे.

छगनला फोन केला. म्हणाला, "साहेब, येखाद्याची नजर लागली आसंल. तुमी नारळ फोडा." मी त्याला रागावलो. मी शास्त्रीय पद्धतीने जाणारा माणूस आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नारळ फोडला. फरक नाही. पाणी थोडं की-बोर्डवर गेलं. वाय हे अक्षर आता जोरात दाबावं लागतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. उपास. साबुदाणा खाऊन पोट जड, त्यात ही बातमी.

निकिता मॅडमनी सांगितलंय की घरून जमत नाहीये, दिशाने एक तारखेपासून पुण्याला यावं. मशीन ऑफिसमध्ये आहेच. राहायला ऑफिसातल्या दोघींची खोली आहे, तिसरी जागा रिकामी आहे.

मी मॅडमशी पुन्हा बोलतो म्हणालो. दिशा म्हणाली, नको. एकदम म्हणाली. मग हळू आवाजात म्हणाली, पप्पा, तुम्ही खूप केलंत.

खूप केलं हे खरं आहे. मी तिला म्हटलं, ही तात्पुरती व्यवस्था समज, थोड्या दिवसांत मशीन मार्गी लावतो. ती हो म्हणाली. कपडे भरायला घेऊ का म्हणून राजेश्वरी आत गेली तर बॅग भरूनच ठेवलेली होती. चार्जर, टॉवेल, थंडीची शाल, सगळं. दिशाची तयारी नेहमीच चोख.

राजेश्वरी बॅगेजवळ बसून राहिली. तिला म्हटलं, रडू नकोस, परत येईल. ती म्हणाली, मी नाही रडत, तुमीच पुसा आधी.

१ मार्च, शनिवार

माळीवाडा स्टँडवरून दिशाला पुण्याच्या गाडीत बसवलं. खिडकीची जागा मिळाली. पाया पडली. राजेश्वरीने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली. चटणी पाट्यावरची.

गाडी हलल्यावर मी खिडकीबरोबर थोडं चाललो आणि तिला ओरडून सांगितलं की राखीव मेमरीला धक्का लावणार नाही. शेजारच्या बाईने माझ्याकडे बघितलं. दिशाने मान हलवली.

सुप्यापर्यंत पोचली असेल म्हणून फोन केला. उचलला नाही. झोपली असेल. काल उशिरापर्यंत हसत होती, मैत्रिणीशी फोनवर.

घरी आलो. फ्रीज चालू केला.

४ मार्च, मंगळवार

राजेश्वरीने दारावरचा तक्ता काढून त्यात शेंगदाणे बांधून ठेवले. मी त्यातले दोन शेंगदाणे खाल्ले. आता रेंडर नाही, आवर्तनाची निकड नाही.

तरी संकल्प सोडलेला नाही. रोज सकाळी मशीन सुरू करतो, समोर बसतो. गोल फिरत राहतं. मीही बसून राहतो.

९ मार्च, रविवार

आज दिशाचा फोन. कामात रमलीय. आवाज मोकळा होता. मला वाटलं, मशीनबद्दल विचारेल. तिने विचारलं नाही, म्हणून मीच सांगितलं की तुझी खोली तयार आहे, मशीनही होतंय, आज त्याने भजन लवकर लावलं.

तिने कोणतं भजन ते विचारलं. मग म्हणाली, पप्पा, मशीनसमोर बसा. एमएसकॉन्फिग उघडा. बूट. ॲडव्हान्स्ड. त्या दोन टिक काढा.

मी म्हटलं, अगं, ते तर आपलं नियोजन. ती म्हणाली, काढा.

काढल्या. रीस्टार्ट केलं. चष्मा पुसायला काढला, तो डोळ्यांवर चढायच्या आत मशीन सुरू झालेलं होतं. जिथे बोट ठेवावं ते उघडतंय. भजन लावलं, लागलं. तिचं ते अर्धवट राहिलेलं रेंडर पुन्हा सुरू केलं तर सायकलवरचं पोर बागेला चक्कर मारून आलं.

मी विचारलं, तुला हे कधीपासून माहीत? ती म्हणाली, तुम्ही सेफ मोड केला होता त्या दिवसापासून. मग त्याच दिवशी का काढलं नाहीस?

तिने सांगितलं. न रागावता, नीट सांगितलं. म्हणाली, मला पुण्याला जायचं होतं, पप्पा. आधीपासूनच. तुम्ही एवढ्या हौसेने मशीन बांधलंत, मग मी कसं म्हणणार? मी नाही म्हटलं असतं तर तुम्हाला लागलं असतं. मशीनने नाही म्हटलेलं बरं, असं वाटलं.

मी म्हटलं, बरं केलंस. जेवणाचं विचारलं. थंडी आहे का विचारलं. मार्चमध्ये पुण्याला थंडी नसते, ती म्हणाली. फोन ठेवला.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मशीन चुकलं नव्हतं, मुलगीही चुकली नाही. माझंही काय चुकलं ते अजून लक्षात येत नाही, पण वाईट वाटलं.

राजेश्वरीला बोलावून दाखवलं. बघ, म्हटलं, कसं पळतंय. तिने पदराला हात पुसत बघितलं, दोनदा क्लिक करून बघितलं. म्हणाली, "व्हय की. पर आता कुनासाठी यवढी घाई?"

मशीन बंद केलं. लगेच झालं.